तिकिटापुरते अठरा गुंठे

आपल्याकडे माणूस नुसता मरून भागत नाही. तो टपाल तिकिटावर आल्याशिवाय पुरता थोर ठरत नाही. कृषिमहर्षी मालोजीरावांना त्यासाठी एकवीस वर्षं वाट बघावी लागली. देशाची शेती त्यांनी बदलली होती. कोठारं भरली, पाट खोदले, बांधावर बसून शेतकऱ्याच्या भाकरीतला तुकडा मागून खाल्ला (तेव्हा फोटोग्राफर सोबत नेण्याची पद्धत नव्हती). आणि एक वचन मागे ठेवलं : 'उभ्या पिकाला हात लावील तो माझा वैरी.'

तिकिटावर ते धोतर खोचून भाताची लावणी करताना दाखवले आहेत. म्हणून मालोजीराव गौरव समितीने ठरवलं, की प्रकाशन भातशेतातच व्हावं आणि पाहुण्यांनी स्वहस्ते लावणी करावी. तारीख जयंतीची, अठरा ऑक्टोबर. कर्जत-खालापुरात लावणी आषाढात होते आणि ऑक्टोबरात लोक कापणीकडे डोळे लावून बसतात, ही अडचण समितीच्या ध्यानात आली नाही असं कुणी म्हणू नये. आली होती. तिच्यावर उपसमिती नेमली.

समितीचे अध्यक्ष नीलेशशेठ. कळंबच्या अलीकडे त्यांचं 'माती' नावाचं रिसॉर्ट आहे (आवारात सगळीकडे फरशी). शेजारच्या गावात रस्त्याकडेची पन्नास शेतं. पैकी सत्तेचाळीसांत बंगले, दोनांत 'लवकरच येत आहे' अशी पाटी, आणि एकात भात. अठरा गुंठे. ते वाल्मिकचं.

वाल्मिकच्या घरात गणपतीशेजारी मालोजीरावांचा फोटो. रोज सकाळी दोघांनाही हात जोडल्याशिवाय तो चहाला शिवत नसे. त्यामुळे नीलेशशेठ स्वतः दारात आले आणि पत्रिकेत 'आदर्श शेतकरी श्री. वाल्मिक' असं छापलेलं दाखवलं, तेव्हा गड्याची छाती फुगली.

"एकच गुंठा मोकळा करायचा, वाल्मिक. लावणीपुरता," शेठ म्हणाले.

"आवो, दाना अजून दुधात हाय," बायको सुंदरा आतून म्हणाली. "आनि ह्या लाल भाताचं बी गावात दुसऱ्या कुनाकडं नाय. आता कापलं तर बी कुठनं धरायचं? पुढच्या साली काय पेराल?"

"अगं, एक गुंठा म्हंत्यात. सतरा ऱ्हातात की!"

सतरा राहिले ते चार दिवस. मग पाहुण्यांची यादी आली. एक्केचाळीस मान्यवर, प्रत्येकाला लावणीला हातभर जागा, त्याच्या फोटोग्राफरला सहा हात, आणि एक मान्यवर दुसऱ्याच्या फोटोत येऊ नये म्हणून मध्ये दहा हात. गणित सरळ होतं. समितीने एक्केचाळीस मान्यवर कमी करायचे की सोळा गुंठे भात, याचा विचार केला आणि भाताला निरोप द्यायचं ठरवलं. उरलेल्या दोन गुंठ्यांपैकी एकात व्यासपीठ बसलं.

वाल्मिकने भीत भीत पत्रिकेवरचंच वचन शेठना दाखवलं. उभ्या पिकाला हात... शेठ गंभीर झाले. बैठक बोलावली. ठराव असा : 'कापलेले पीक उभे नसते. सबब वचनाचा भंग होत नाही.' ठरावाला टाळ्या पडल्या. वाल्मिकनेही वाजवल्या, आदर्श माणसाला हात मोकळे ठेवून बसता येत नाही.

शेवटचा गुंठा तेवढा सुंदराने बियाण्यासाठी हट्टाने मागून घेतला.

आदल्या दिवशी दुपारी कर्जतचा मंडपवाला तालिब टेंपो घेऊन आला. समितीच्या सूचना अशा : टँकरने पाणी सोडून चिखल करावा, पाहुण्यांचे पाय भरू नयेत म्हणून चिखलावर फळ्या टाकाव्यात, फळ्या दिसू नयेत म्हणून त्यांवर हिरवळीचे गालिचे अंथरावेत. ऑक्टोबरात भाताची रोपं मिळेनात, म्हणून रिसॉर्टच्या हिरवळीचं गवत उपटून त्याच्या मुठी बांधल्या होत्या. कार्यक्रमपत्रिकेत 'चिखलाचे पाय धुणे (छायाचित्रासह)' हा विषय होता. त्यासाठी हौद हवा. हौदाला जागा एकच उरली होती.

तालिबने बियाण्याचा तो गुंठा पाहिला आणि बिडी विझवली. "वाल्मिकभाऊ, चाळीस वर्सं मांडव घालतोय. पन नवऱ्यामुलालाच घराभायेर काढून मांडव घालायचं काम आजच बघतोय. नाय म्हना रं!"

वाल्मिकने तोंड उघडलं. तेवढ्यात शेठनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला, मापाला. फेटा अगदी बरोबर बसला. तो नाय म्हणाला नाही.

विळा सुंदराच्या डोळ्यांदेखत चालला. ती बांधावर बसून ओक्साबोक्शी रडली. दुधातल्या लोंब्या बैलांनी खाल्ल्या. त्या दिवशी गावात कुणाला आनंद झाला असेल तर त्यांनाच.

सोहळा थाटात झाला. एक्केचाळीस मान्यवरांनी गवत लावलं (नऊजणांनी मुठीचं रबरबँड न काढता) आणि स्वच्छ पाय स्वच्छ धुतले. मालोजीरावांच्या वचनावर अकरा भाषणं झाली. वाल्मिकला फेटा, नारळ आणि तिकीट मिळालं.

महिनाभराने सुंदराने त्याला अर्ज लिहायला बसवलं : 'आम्हाला दुसरे काही नको. आमचे लाल भाताचे बी तेवढे मिळवून द्यावे.' समिती तत्पर. आठ दिवसांत उत्तर आलं, लिफाफ्यावर कृषिमहर्षींचं कोरं करकरीत तिकीट. 'कसून चौकशी केली असता, सदर बियाणे तालुक्यात केवळ सौ. सुंदरा वाल्मिक यांच्याकडे उपलब्ध असल्याचे समजते. तरी आपण त्यांच्याशी संपर्क साधावा.'

वाल्मिकने पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"म्हंजी मी माज्याकडंच मागाया जाऊ?" सुंदरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल्मिकने गणपतीला हात जोडले. मालोजीरावांकडे बघायची त्याला लाज वाटली.

गालिचे उचलायची समितीकडे तरतूद नव्हती. ते तसेच आहेत. दर शनिवारी 'माती'चे पाहुणे तिथे 'शेतीचा अनुभव' घ्यायला येतात आणि गवताच्या मुठी लावतात. तुम्हीही आला होतात. फोटो मोबाईलमध्ये असेल, बघा. खाली लिहिलंय, 'आज अन्नदात्याचे कष्ट कळले.' दोनशे बारा जणांना तो आवडला. बांधावर एक बाई बसली होती. फोटोत येते म्हणून तुम्ही तिला जरा बाजूला व्हायला सांगितलंत. ती झाली.