साठेसाहेबांची चौथी सशी

सशाच्या कानातून रक्त काढण्याआधी साठेसाहेब त्याला विचारायचे, "काढू का? थोडंसंच." ससा गप्प राहिला की रक्त काढायचे आणि म्हणायचे, "आभारी आहे, आता विश्रांती घ्या." आमच्या आंबवड्यात याची लई चर्चा. शेजारच्या सोनाकाकी मला म्हणायच्या, "तुजा साहेब सशाला अहोजाहो करतोय. तुज्या मालकाला सांग, एकदा तुला बी करून बघा म्हणावं."

साहेब पुण्याच्या एका कॉलेजातले. शेवग्याच्या पाल्यात एक पिवळा पदार्थ असतो. तो खाल्ल्यावर रक्तात किती उतरतो आणि अंगात त्याचं काय होतं, हे त्यांना मोजायचं होतं. पाला ताजा हवा, म्हणून त्यांनी आमच्या परड्याशेजारची खोली घेतली. पिंजरे झाडायला कॉलेजानं मला ठेवलं.

रक्ताची नळी ते एका यंत्रात घालून हातानं गरगर फिरवत. लाल खाली बसे, वर पिवळसर पाणी राही. त्याचा अर्क कागदाच्या पट्टीवर टाकून, टोक द्रावणात बुडेल अशी पट्टी बरणीत टांगत. मग ती अमोनियाच्या वाफेवर धरली की पिवळे डाग उठत. "हा वरचा पाल्याचा. खालचे शरीरानं त्याच्यापासून बनवलेले," ते मला समजावत. डाग ठळक आला की चहा गार होईपर्यंत बघत बसत. मी नुसती मान हलवायची.

तीन सशांना पाल्याचा अर्क मिळे. चौथ्या सशीला नुसता गव्हाचा भरडा. "हिच्या रक्तात डाग दिसता कामा नये, तरच बाकीच्यांचे डाग पाल्याचे ठरतात. माझं सगळं काम त्यावर उभं आहे," साहेब म्हणत. ती मात्र जाळीला नाक लावून बसे. मला बघवेना. मी सांजेला पदराआडून तिला शेवग्याची डहाळी घालू लागले.

तिच्या पट्टीवर डाग उठले. साहेबांनी भांडी पुन्हा पुन्हा धुतली, पट्ट्या नव्यानं केल्या. डाग येतच राहिले. शेवटी त्यांनी कॉलेजाला तसं कळवलं. तिथून त्यांचे वरिष्ठ आले. "हिला कुणी काही खायला घातलं का?" त्यांनी विचारलं. मी केरसुणी धरून उभी होते. झाडलेलाच कोपरा पुन्हा झाडू लागले.

"नाही," साहेब म्हणाले. "माझाच हात चुकला."

दोन वर्षांचं काम बंद झालं. साहेब निघाले त्या दिवशी मी कसंबसं म्हणाले, "पाला म्या घातला व्हता."

"तिच्या पिंजऱ्यात देठ सापडला होता मला, वरिष्ठ आले त्याच सकाळी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"ते तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले असते." साहेब ट्रंकेची कडी लावत राहिले. "दोन वर्षं तुम्ही माझं बोलणं ऐकून घेतलंत. इथं दुसरं कोण होतं?"

त्यांची एसटी गेल्यावर मी पोस्टकार्डावर सगळं खरं लिहिलं. पाला मी घातला, साहेबांचं मोजमाप बरोबर होतं. कॉलेजाचा पत्ता तेवढा ठाऊक नव्हता. तो विचारायला भोरच्या पोस्टात गेले. खिडकीशी चार माणसं उभी होती. कार्ड पदराआड धरून मी माघारी आले.