सहा नऊ आणि त्यांच्यापुढचा पाच

एका जंगलात, मुलांनो, धोंडोबा नावाचं एक रानडुक्कर राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. त्याचा पत्ता लोकांना कळला असता तर तिथे कधीच प्लॉट पडले असते.

धोंडोबा खाऊनपिऊन सुखी होता. पण त्याला एक खोड होती. तो आकडे पाठ करायचा. गोलाच्या घेराला त्याच्या मधल्या रुंदीने भागलं की जे उत्तर येतं, त्या उत्तराचे आकडे.

हे खूळ त्याच्या डोक्यात पिंगळेबाईंनी भरलं. पिंगळेबाई म्हणजे जंगलातल्या शाळेतलं घुबड. धोंडोबा शाळेत असताना बाई एकदा म्हणाल्या, "बावीस सप्तमांश हे परीक्षेपुरतं. खरं उत्तर कधी संपतच नाही. आणि त्यात खूप पुढे एका जागी सहा नऊ ओळीने उभे आहेत."

बाकीची पोरं डबे खायला पळाली. धोंडोबा मात्र बसून राहिला. त्याला त्या सहा नवांपर्यंत जायचं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाई फांदीवरून आकडे सांगायच्या आणि धोंडोबा खाली कंद उकरत ते म्हणायचा. तीन, एक, चार, एक, पाच, नऊ. शून्य बराच वेळ फिरकायचं नाही. शेवटी आलं की धोंडोबा त्याला "या, बसा" म्हणायचा. चुकला की वरून आवाज यायचा, "चूक! पुन्हा!"

असं करत करत धोंडोबा म्हातारपणी सहा नवांपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. पुढे शिकायची त्याला घाई नव्हती.

"अहो, पण याचा उपयोग काय?" त्याची बायको भागीरथी विचारायची.

"काही नाही गं. मजा येते."

"मजा येते म्हणे! चार लोकांत मी काय सांगू?"

आता झालं काय, की जंगलाचा राजा वाघ, त्याचे दात हलायला लागले. शिकार जमेना. कोल्हा त्याचा चिटणीस. त्याने सभा बोलावली आणि जाहीर केलं, "जो बिनउपयोगी असेल, त्याने महाराजांच्या दुपारच्या जेवणात यावं."

मग एकेकाला उपयोग विचारला. हत्ती म्हणाला, मी लाकडं ओढतो. कावळा म्हणाला, मी घाण उचलतो. मोर म्हणाला, पाहुणे आले की मी नाचतो. कोल्ह्याला कोणी विचारलं नाही, कारण विचारणारा तोच होता.

"धोंडोबा, तुमचा?"

"मला आकडे पाठ आहेत."

"त्याने काय होतं?"

"मजा येते."

धोंडोबाने चोरी कबूल केली असती तर सभेने समजून घेतलं असतं. मजा मात्र कोणालाच सहन झाली नाही. एकमताने ठराव झाला. भागीरथी रडायला लागली.

पण त्या जंगलात एक जुनी रीत होती. वाघाच्या आजोबांना स्वतःच्या पदव्या धड पाठ नव्हत्या. म्हणताना कोणी मध्ये बोललं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. म्हणून त्यांनी नियम केला होता, की पाठ म्हणताना जो मध्ये तोंड घालेल, त्याला आधी खायचं. आणि खाण्याआधी ज्याला त्याला जे पाठ असेल ते म्हणू द्यायचं. अडखळला की संपलं. घाबरलेले प्राणी दोन ओळींतच अडखळायचे, त्यामुळे जेवण कधी निवत नसे.

धोंडोबा उभा राहिला. "तीन," तो म्हणाला. "एक. चार."

वाघाने जिभल्या चाटल्या. मग वाघ बसला. मग वाघ आडवा झाला. धोंडोबाला हळूहळू भीतीचा विसर पडला. शून्य आलं तेव्हा सवयीने तो "या, बसा" म्हणून गेला, आणि माकड खरंच बसलं.

आणि मग ते आले. "नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ!" धोंडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाघ ताडकन उठला. "अडकला! एकाच आकड्यावर अडकला!" राजाला मध्ये बोलायला हरकत नव्हती. "पिंगळेबाई, बरोबर ना?"

बाईंना दिवसा दिसायचं नाही, पण ऐकू यायचं. शिक्षकांना तेवढं पुरतं. त्या म्हणाल्या, "नाही महाराज. तिथे सहा नऊच आहेत. चालू दे त्याचं."

पण चालू काय देणार? धोंडोबाला पुढचं येतच नव्हतं. त्याने भागीरथीकडे पाहिलं आणि ठोकून दिलं, "पाच."

कोणाला काही कळलं नाही. कळणार कसं? शिकलंय कोण?

फक्त फांदीवर पिसं फुलली.

"एक," धोंडोबा म्हणाला. फांदी हलली.

"पुन्हा एक."

"चूक!" बाई ओरडल्या. जन्मभराची सवय, बिचाऱ्या काय करतील? "आठ! आठ, तीन, सात, दोन! पुन्हा म्हण!"

"महाराज, बाईंनी मध्ये तोंड घातलं!" कोल्हा किंचाळला. आपणही तेच केलंय, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

वाघाने आधी बाईंना खाल्लं, मग कोल्ह्याला. पोट भरलं. ढेकर देऊन तो म्हणाला, "डुकरा, तू उपयोगाचा आहेस. जेवायची मजा वाढवलीस." आणि त्याने धोंडोबाला शाळेत नेमलं.

आता जंगलातली सगळी पोरं सहा नवांपुढे पाच, एक, एक असं घोकतात. न आल्यास छडी मिळते. भागीरथी चार लोकांत मान वर करून सांगते, "आमचे हे गणितात आहेत."

संध्याकाळी धोंडोबा एकटाच त्या फांदीखाली जातो. तिथे तो खरं म्हणतो. सहा नऊ, मग आठ, तीन, सात, दोन. पुढचं सांगायला कोणी नाही. त्याला बाईंची फार आठवण येते. मग तो पुन्हा सहा नवांवर येतो, मुद्दाम मोठ्याने "पाच" म्हणतो, आणि वर बघत वाट पाहतो.

तात्पर्य : मुलांनो, पाठांतर असं करा की चूक कोणाला कळणार नाही. आणि दुसऱ्याची चूक कळलीच, तर आधी साहेबांचं जेवण झालंय का ते बघा.