तिसऱ्या पोत्याचा स्रोत

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने बावीस वर्षांत नोंदवहीत एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. तशी वेळ त्याच्यावर आली ती सासूबाईंच्या खलबत्त्यामुळे.

शाळेच्या नव्या इमारतीची जागा चिकणमातीची होती. ओली झाली की फुगायची, वाळली की भेगाळायची. पाडकामाचा राडारोडा दळून तिच्यात मिसळला तर ती ताळ्यावर येईल, ही कल्पना सहायकाची. इतक्या वर्षांतली पहिलीच. साहेबांनी मान डोलावली, पण राडारोडा कुठून आणायचा ते सांगितलं नाही. नेमका त्याच्या घरी स्वयंपाकघराचा ओटा फोडला होता. गवंड्याने भरून ठेवलेली चार पोती त्याने रिक्षात घालून आणली, त्यांवर क्रमांक टाकले आणि एकेक वेगळं दळलं. तिसऱ्या पोत्याला यंत्र अडखळलं. 'यंत्र कण्हले,' अशी त्याने नोंद केली.

चारही नमुने सुधारले, पण तिसऱ्याचं फुगणं निम्म्यावर आलं. साहेबांनी आकडे चष्मा काढून पाहिले, मग लावून पाहिले.

"परत करून दाखवा. एकदा जमतं ते कुणालाही जमतं."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, खलबत्ता कुणी पाहिला का. काळ्या दगडाचा, दोन हातांनी उचलावा लागणारा, त्यांच्या आईकडून आलेला. बायकोने घर पालथं घातलं, गवंड्याला फोन केला, गवंडी दुखावला. सहायकाला यंत्राचं कण्हणं आठवलं. पोट बिघडलंय सांगून तो जेवणावरून उठला.

"आलं ठेचून दिलं असतं," सासूबाई म्हणाल्या, "पण ठेचू कशात?"

उरलेल्या तीन पोत्यांचं पीठ घेऊन त्याने पुन्हा नमुने केले. आकडे आले, पण बेताचेच. साहेबांनी नोंदवहीतल्या 'स्रोत' या रकान्यावर बोट ठेवलं. तिसऱ्या पोत्यासमोर तो कोरा होता.

'अज्ञात' लिहावं तर खोटं, खरं लिहावं तर घरात आग. दोन दिवस तो रकाना त्याच्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर तो सासूबाईंसमोर उभा राहिला.

"आई, तुमचा खलबत्ता माझ्या हातून दळला गेला."

सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं.

"ती गेलीय ना? मग ऐका. पोत्यात मीच टाकला होता. चाळीस वर्षं कुटतेय. मिक्सर घेऊ म्हटलं की ही म्हणते, खलबत्त्याची चवच वेगळी. चव हिला, खांदे माझे."

"मग शोधत का होतात?"

"नसता शोधला तर संशय नसता का आला?"

सहायकाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसरी अडचण सांगितली: प्रयोग परत करायला तसाच दगड हवा. सासूबाईंनी फोन उचलला.

सोमवारी प्रयोगशाळेच्या फाटकाशी सात वयस्कर बायका जड पिशव्या घेऊन उभ्या होत्या. एकीनेही नाव सांगितलं नाही. घरी कळता कामा नये, एवढं मात्र सगळ्यांनी बजावलं. यंत्र दिवसभर कण्हलं. पुढच्या आठवड्यात आकडे तंतोतंत जुळले.

सहायकाने पेन उघडलं आणि कोऱ्या रकान्यात बावीस वर्षांच्या सचोटीने लिहिलं: 'स्रोत: विश्वसनीय. नाव न सांगण्याच्या अटीवर.'