शेंडेभाऊंचा पेचकस

शेंडेभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला भेटतात. मागच्या खिशातून वीतभर लांब पेचकस काढतात, टोक फ्रिजच्या पाठीला टेकवतात, मूठ स्वतःच्या कानाला लावतात आणि डोळे मिटतात. तोवर घरच्यांनी गप्प उभं राहायचं. मग निकाल लागतो, "दोन महिने. मंग बसते." माझा फ्रिज त्यांच्या हिशेबाने गेल्या दिवाळीतच बसायला हवा होता. तो चालतो आहे, पण मी तो जरा धास्तीनेच उघडतो.

भाऊंनी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात सगळी नोकरी टर्बाइनवर काढली. मी तिथेच पाण्याच्या लॅबमध्ये होतो आणि क्वार्टरही शेजारचं, त्यामुळे त्यांच्या तावडीतून सुटायला जागाच नव्हती. टर्बाइनजवळ बोललेलं ऐकू येत नाही, तिथे माणसं हातांनी बोलतात. पंजा खाली दाबला की थांब. हात छातीवर ठेवला की चार्ज घेतला, म्हणजे मशीन आता माझ्याकडे, तू घरी जा. पाळी बदलताना तो हात दिसल्याशिवाय जुना माणूस जागा सोडत नाही. त्या आवाजात भाऊंचे कान अर्धे गेले, म्हणून घरीही हीच भाषा चालते. भात झाल्याचं वहिनी हातानेच कळवतात. अर्धे कान गेलेला माणूस फ्रिजची धडधड ऐकतो, याचं मात्र आमच्या कॉलनीत कोणाला नवल वाटत नाही.

भाऊंचा दुसरा नियम, "पयाचं नाई." मशीन बिघडली की पळणारा माणूस ती आणखी बिघडवतो, असं त्यांचं मत. एकदा त्यांच्या न्हाणीघरात नाग निघाला. आम्ही सगळे रस्त्यापर्यंत पळालो. भाऊ टॉवेल गुंडाळून चालत बाहेर आले आणि नागाला सोडून आम्हालाच तासभर बोलले.

त्यांची एकुलती मुलगी मनीषा डिप्लोमा करून विमानात नोकरीला लागली. भाऊंच्या शब्दांत, "पाणी वाटाची नोकरी." कोणी विचारलं तर ते मुलगी बाहेर असते एवढंच सांगत. यंदा केंद्रात ऑपरेटरच्या जागा निघाल्या, तेव्हा भाऊंनी तिच्या नावाचा फॉर्म स्वतःच भरला. फक्त सही बाकी होती. मनीषा म्हणाली, करते सही, पण आधी एकदा माझ्या विमानात बसा. उतरल्यावरही सोड म्हणालात तर सोडते. तिने नागपूर-पुण्याची दोन तिकिटं पाठवली. वहिनींनी गुडघे पुढे केले आणि माझी वर्णी लागली.

विमानतळावर पेचकस अडला. शिपाई म्हणाला, आत जाणार नाही. भाऊ म्हणाले, तर मीपण नाही. शेवटी मी तो बाहेरच्या चहाच्या टपरीवर ठेवून आलो. टपरीवाल्याने विचारलं, कधी नेणार? मी म्हटलं, चार दिवसांनी. भाऊ जागेवर बसले ते निःशस्त्र माणसासारखे. थोड्या वेळाने त्यांनी विमानाच्या भिंतीलाच कान लावला. "बेरिंग बराबर आहे," असा दाखला त्यांनी दिला.

मनीषाने ओळख दाखवली नाही, नुसती हसली. विमान वर गेलं, चहाची गाडी निघाली आणि गाडी चौथ्या रांगेशी असतानाच सगळे दिवे गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे अंधार झाला नाही. पण कुठलीच घोषणा होईना, बोलवायची घंटी वाजेना. मागून कोणीतरी म्हणालं, "लाईन गेली." मग निम्मं विमान उभं राहिलं.

मनीषाने आधी चहाची गाडी मागे नेऊन अडकवली. भाऊंनी मला कोपर मारलं. मग ती पुढे जाऊन पायलटशी बोलली आणि परत आली, चालत. मधोमध उभी राहून तिने हिंदीत आणि मराठीत मोठ्याने सांगितलं की इंजिनं ठीक आहेत, फक्त आतली वीज आणि स्पीकर बंद आहेत, आपण नागपूरला परत जातो आहोत, पट्टे बांधा. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून ती आणि तिच्या तिघी सोबतिणी रांगेरांगेला जाऊन तेच सांगू लागल्या. सावली गावाकडची एक म्हातारी पिशवी घेऊन दाराकडे निघाली होती. मनीषा तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, काऊन उठून राह्यल्या? मी आहे ना इथी." म्हातारी बसली.

एवढ्यात भाऊंनी पट्टा सोडला. वीज गेली आणि आपण बसून आहोत, हे त्यांना सहन होईना. ते अर्धे उठले, तेव्हा मनीषा दहा रांगा पुढे होती. तिने पंजा खाली दाबला. भाऊ तसेच वाकून उभे. मग तिने हात छातीवर ठेवला.

भाऊ खाली बसले. पट्टा बांधला. नागपूर येईपर्यंत ते तिच्या पायांकडे बघत होते. ती एकदाही पळाली नाही.

विमान नीट उतरलं. बाकीच्यांना दुपारचं दुसरं विमान मिळालं. भाऊ म्हणाले, पाह्याचं ते पाह्यलं. आम्ही टपरीवर आलो. टपरीवाल्याने पेचकस परत देताना माझ्याकडे बघून चार बोटं दाखवली, मी मान खाली घातली. बऱ्याच वेळाने कागदपत्रं उरकून मनीषा आली आणि उभ्या उभ्याच तिने पेन काढलं. "द्या फॉर्म. कुठी करू सही?"

भाऊंनी फॉर्म काढलाच नाही. पेचकस काढला आणि तिच्यापुढे धरला.

"बाबा, हे विमानात चालत नाई."

"मंग खोलीवर ठेव. चार्ज तर घे." चहा पुढे आला होता, तो त्यांनी बाजूला सरकवला. "माह्या शेवटच्या पाळीले कोणी आलंच नाई, मनू. युनिट जुनं झालं म्हणून बंदच केलं. मी तासभर खुर्चीत बसलो. मंग तसाच घरी आलो."

निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हा माणूस आमच्या फ्रिजांवर ड्युटी करत होता आणि आम्ही हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली. मनीषाने पेचकस घेतला आणि हात छातीवर ठेवला.

गेल्या आठवड्यात माझा फ्रिज खरंच बसला. भाऊंना बोलावलं. ते रिकाम्या हातांनी आले आणि फ्रिजकडे न बघता खुर्चीत बसले. "मले काऊन विचारता? मनूले फोन लावा. माह्याकडे चार्ज नाई."

फोन लावला तर बंद. भाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"वर आहे ते. चार-विसाले उतरते," ते म्हणाले. "तोवर बसू."