अडगळमुक्ती ॲप आणि कुकरचा दांडा

प्रत्येक घरात दोन प्रकारच्या वस्तू असतात: लागणाऱ्या, आणि पुढेमागे लागतील म्हणून ठेवलेल्या. दुसऱ्या प्रकाराला घरात जागाही जास्त असते आणि मानही. या संपत्तीला रास्त भाव मिळावा, या उदात्त हेतूने मी पुण्यातली नोकरी सोडून बल्लारपूरला परतलो आणि 'अडगळमुक्ती' नावाचे ॲप तयार केले. (नोकरी मी सोडली की नोकरीने मला, हा तपशील प्रस्तुत विषयाशी संबंधित नाही.) माझी बायको उर्वशी हिने सहा महिन्यांची मुदत दिली.

वस्तूचा फोटो काढायचा, तिचे वय आणि अवस्था भरायची, की ॲप किंमत सांगणार. पहिल्याच आठवड्यात शेजारचे धनराजभाऊ आपला बंद मिक्सर काखेत मारून दारात उभे राहिले.

"साठ रुपये? माह्या लग्नातला मिक्सर हाय हा!"

जनमताचा आदर राखून मी 'भावना' असा आणखी एक रकाना वाढवला. शून्य ते दहा. सगळ्यांनी दहा भरले. धनराजभाऊंच्या मिक्सरची किंमत नव्या मिक्सरपेक्षा चारशे रुपयांनी जास्त निघाली आणि तक्रारी पूर्णपणे थांबल्या.

पाचव्या महिन्याअखेरची आकडेवारी अशी: नोंदणीकृत विक्रेते १,१३७. विक्रीस ठेवलेल्या वस्तू २,३१६, पैकी लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळे ४०९. खरेदीदार एक. (तो मीच. ॲपवर थोडी वर्दळ दिसावी म्हणून मी स्वतःच खरेदी सुरू केली होती.) परिणामी आधी आमची मागची खोली भरली, मग पुढची अर्धी. उर्वशी दोन पंख्यांमधून आडवी होऊन स्वयंपाकघरात जायची. माझ्याशी ती बोलत नसे. शांततेत काम चांगले होते, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि ऐन पावसाळ्यात खरे गिऱ्हाईक आले. भामरागडच्या पलीकडे नदीवर मासेमारी करणारे मनसारामभाऊ, वय साठीच्या पुढे, बस बदलत बदलत आले होते. त्यांच्या मुलीने, रंजीताने, फोनवर आमच्याकडचा एक जुना कुकर पाहिला होता.

"मले याचा दांडा पायजे. पोरीच्या कुकरचा तुटला. कंपनीच बंद पडली म्हणते, दुकानात भेटत नाई."

"भाऊ, सुटा दांडा देण्याची तरतूद नाही. पूर्ण कुकर घ्यावा लागेल."

"कुकर हाय न तिच्यापाशी. दांडा नाई."

मी त्यांना धोरण समजावून सांगत असतानाच (पाऊण तास) बातमी आली की पुलावर पाणी चढले, भामरागडचा रस्ता बंद. मनसारामभाऊ आमच्याकडे पाच दिवस राहिले.

रिकामे बसणे त्यांना जमेना. त्यांच्या गावात दुरुस्तीवाला येत नाही, त्यामुळे शिलाई मशीनपासून पाण्याच्या इंजिनापर्यंत सगळे त्यांनी स्वतःच उघडून पाहिलेले. त्यांनी पेचकस मागितला. पहिल्या दिवशी धनराजभाऊंचा मिक्सर घरघरला. आतली एक तार तेवढी सुटली होती. दुसऱ्या दिवशी पाच पंखे फिरले. उर्वशी आधी शेजारी बसून बॅटरी धरायची, तिसऱ्या दिवशी स्वतः तारा जोडू लागली. एक पंखा उलटा फिरला तेव्हा ती खळखळून हसली. ते हसू मी पाच महिन्यांत ऐकले नव्हते, आणि त्यात माझा काहीच वाटा नव्हता.

आवाज ऐकून धनराजभाऊ आलेच.

"हा माहाच मिक्सर हाय न?"

"होता. आता अवस्था 'चालू' झाल्यामुळे सुधारित किंमत..." मी ॲप उघडू लागलो.

"घेऊन जा भाऊ," उर्वशी म्हणाली. "जागा तरी होईल."

मग सगळेच आपापल्या वस्तू परत न्यायला आले. पाचव्या दिवशी घर रिकामे झाले. अडगळमुक्तीचे ध्येय शंभर टक्के साध्य झाले, फक्त ॲपच्या मदतीशिवाय.

पाणी ओसरले तेव्हा उर्वशीने कुकरचा दांडा काढून मनसारामभाऊंच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. मी फोन पुढे केला.

"भाऊ, तारे द्या."

"कायचे तारे?"

"सेवा कशी वाटली, त्याचे."

त्यांनी उर्वशीकडे पाहिले. "बाईले पाच दे. तू काय केलं, थे मले समजलं नाई."

हा ॲपला मिळालेला एकमेव अभिप्राय. मी तो जसाच्या तसा नोंदवला आणि त्याच दिवशी ॲप बंद केले.

आता मागच्या खोलीत उर्वशीचे दुरुस्तीचे दुकान आहे. सकाळपासून रांग लागते. मी तिथे संस्थापक या पदावर असून स्क्रू आकारानुसार वेगळे करतो. मुदतीचा विषय तिने अद्याप काढलेला नाही.

या संशोधनातून निघालेला निष्कर्ष वाचकांसाठी नोंदवतो. हे वाचता वाचता तुम्हाला तुमच्या माळ्यावरची एक वस्तू आठवली आहे, आणि मनातल्या मनात तुम्ही तिचा भावही ठरवला आहे. भाव अगदी रास्त आहे. फक्त एकदा सांगा, दुसऱ्याच्या माळ्यावरची तीच वस्तू त्या भावाने तुम्ही घ्याल का?