आजचे सुडोकू : गॅस मंद

आमच्या इमारतीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, टाकी कधी धुणार, गणपतीची वर्गणी कोणाची राहिली आहे, असला मजकूर त्यावर असतो. उजव्या कोपऱ्यात मात्र खडूने आखलेली एक स्वतंत्र चौकट आहे आणि तिच्यात रोज सकाळी अकराच्या सुमारास एक ओळ उमटते: ‘आजचे सुडोकू : गॅस मंद.’ कधी ‘गॅस मोठा’, क्वचित ‘गॅस बंद’. शेजारी त्या सुडोकूची कोरी झेरॉक्स टाचणीने लावलेली असते.

जुन्या भाडेकरूंना याचं काही वाटत नाही. पण तिसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका बाईंनी एकदा ‘गॅस बंद’ एवढंच वाचलं आणि धावत वर जाऊन रात्रीचाही स्वयंपाक उरकून टाकला. वर शेजारणींना सावध केलं. दुपारपर्यंत अख्ख्या मजल्यावर पोळ्यांच्या चळती लागल्या होत्या. गॅस आपला चालूच. बाई तणतणत दुसऱ्या मजल्यावर केळुसकरांच्या दारात गेल्या, तेव्हा केळुसकर काका शांतपणे म्हणाले, “तुमचा नव्हे हो, आमचा. तोही सुडोकूपुरता.”

एवढ्या खुलाशाने कोणाचं समाधान होईल, असं काकांना मनापासून वाटतं.

अनंत केळुसकर म्हणजे माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. दादरच्या भाजीबाजारामागच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ओळखतात, आणि दुकानदार जरा जास्तच ओळखतात. कारण काका निवृत्त होईपर्यंत सरकारच्या वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. वाण्याचं पाव किलोचं वजन तळहातावर घेऊन ‘हे झिजलंय’ असं सांगायचे आणि ते झिजलेलंच निघायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी काका भाजी घ्यायला उभे राहिले की भाजीवाली आधी काट्याचं ताट पदराने पुसून घेते.

“माप हलता कामा नये,” हे त्यांचं पालुपद. वस्तू चांगली-वाईट असू शकते, माणूस तर असतोच, पण माप हललं की संपलं सगळं, असं त्यांचं म्हणणं.

असा माणूस निवृत्तीनंतर सुडोकूकडे वळला तो सोडवायला नाही, तपासायला. वर्तमानपत्रं सुडोकूच्या डोक्यावर तारे छापतात, ते बघून काकांचं डोकं फिरलं. “पाच तारे म्हणे. हॉटेल आहे का?” हे तारे देतो कोण, कशावरून देतो, कालचे चार तारे आणि आजचे चार तारे एकाच वजनाचे कशावरून, असे प्रश्न ते मला गॅलरीत उभं करून विचारत. मी बँकेत नोकरीला. ऑफिसला उशीर होत असताना ताऱ्यांबद्दल माझं काय मत असणार! पण ‘कशावरून’ हा शब्द काकांनी सोडला की तो परत घ्यायची त्यांना सवय नाही.

शेवटी त्यांनी स्वतःचं माप तयार केलं. ते माप म्हणजे शालिनीकाकू.

काकू मालवणकडच्या. शिक्षण बेताचं, पण आकड्यांत डोकं असं की केळुसकरांच्या घरात कॅलेंडरच्या मागे कधी हिशेब लिहिलेला मी पाहिला नाही. त्या ओट्याशी उभ्या राहून, एका हाताने कालवण ढवळत, दुसऱ्या हाताने सुडोकू सोडवायच्या. कागद मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, पेन्सिल अंबाड्यात. काका पाटावर बसून बघायचे ते कागदाकडे नाही, शेगडीकडे. मोठ्या आचेवर फोडणी चाललेली असताना सुटलं तर ते ‘गॅस मोठा’. मध्येच काकूंना आच कमी करावी लागली तर ‘गॅस मंद’. आणि बटण फिरवून, पदराला हात पुसून, खुर्ची ओढून बसावं लागलं, तर ‘गॅस बंद’. तारेबिरे काही नाही. मी एकदा म्हटलं, काका, हे काही शास्त्रीय नाही. त्यावर ते म्हणाले की शेर, पायली, मण कुठून आले, कोणाच्या तरी घरातूनच आले ना?

काकूंना या मापाचा अभिमान वगैरे काही नव्हता. “ह्येंचा खूळ,” एवढंच म्हणायच्या.

माप ठरलं, आता काकांना जगातलं सगळ्यात कठीण सुडोकू हवं होतं. त्यासाठी ते रोज तीन वाचनालयं करायचे. वरळीच्या एका रद्दीवाल्याशी त्यांचा घरोबा झाला. तो किलोवर रद्दी विकतो आणि हे गिऱ्हाईक चौरसावर घेतं, अशी त्याची तक्रार होती, पण चहा पाजायचा. पुतण्याने इंटरनेटवरून ‘जगातले सर्वांत कठीण’ म्हणून गाजलेलं एक सुडोकू छापून पाठवलं. कोणा परदेशी गणितज्ञाने ते कित्येक महिने खपून रचलं होतं म्हणे. काकांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते काकूंच्या पुढ्यात ठेवलं. त्या दिवशी शेगडीवर बांगड्याचं तिखलं होतं. काकूंनी आच कमी केली, दोनदा पेन्सिल चावली, मग पुन्हा मोठी केली. फळ्यावर लागलं : ‘गॅस मंद (थोडा वेळ)’. काका दिवसभर खिन्न होते. आपल्या बायकोला सुटलं याचा आनंद नाही, जगाचं वजन कमी भरलं याचं दुःख.

खरं रत्न सापडलं ते सुक्या बोंबलांच्या पुडीत. पुडीचा कागद कुठल्या तरी जुन्या दैनिकाचा होता, त्यावर एक सुडोकू होतं, आणि ते काकूंनी बोंबील निवडता निवडता सहज हाती घेतलं. तेवढ्यात गॅसवर दूध होतं. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, तरी काकूंनी मान वर केली नाही. आणि काकांनीही उठून बटण फिरवलं नाही, कारण तपासणी चालू असताना काट्याला हात लावायचा नसतो. जळक्या दुधाचा वास येऊन मीच धावत गेलो आणि गॅस बंद केला. त्या दिवशी फळ्यावर ‘गॅस बंद’च्याही वरची चौथी पायरी लागली, ‘दूध उतू’. ती त्यानंतर कित्येक वर्षं पुन्हा लागली नाही. तो कागद काकांच्या शोकेसमध्ये काचेखाली आहे. शोकेस उघडली की अजून बोंबलाचा वास येतो.

काकांचा दुसरा नेम म्हणजे खऱ्या सुडोकूला उत्तर एकच. एका सायंदैनिकात छापलेल्या सुडोकूला दोन उत्तरं निघतात हे काकूंनी भाजी चिरताना दाखवून दिलं, तेव्हा काका दोन्ही उत्तरं घेऊन थेट त्यांच्या कचेरीत गेले. तिथला पोरगेला उपसंपादक म्हणाला, काका, मग दोन्ही बरोबर. “एक किलो आणि सव्वा किलो, दोन्ही बरोबर?” काकांनी विचारलं, आणि तो पेपर त्या दिवसापासून बंद केला. आमच्याही घरी येऊ नये असा त्यांचा आग्रह होता. तो मी मानला नाही, म्हणून आमचं बोलणं काही दिवस थांबलं होतं.

तर असा हा माणूस. आणि म्हणूनच गेल्या वर्षी जे सुरू झालं ते पाहून इमारत चक्रावली.

फळ्यावर ‘गॅस बंद’ वारंवार यायला लागलं. आधी आम्हाला वाटलं, काकांना कुठे तरी खाण लागली. पण शेजारची झेरॉक्स सोडवणाऱ्यांची तोंडं वेगळंच सांगत होती. एकदा मी ती बसस्टॉपवर उभा असताना हातात घेतली आणि बस यायच्या आत सोडवली. मला वाटलं, चाळिशीनंतर माझ्या बुद्धीला पालवी फुटली. दोन दिवस मी ऑफिसात तोऱ्यात होतो. मग तळमजल्यावरच्या सावंतांनी, हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, सांगितलं की त्यांनीही ते सोडवलं, दाढी करता करता. सावंत वर्गणीची बेरीज तीनदा करतात आणि तीन वेगवेगळी उत्तरं काढतात. शोध घेतल्यावर कळलं की ही सुडोकू मुलांच्या पुरवणीतली होती, अर्ध्याहून जास्त घरं आधीच भरलेली.

इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चेष्टा सुरू झाली. कोणी लिहिलं, काकांकडे गॅस संपत आला वाटतं. शेवटी सावंतांनी लिहिलं, “काकांचं माप हललं.” काका त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी वाचलं, हे सावंतांनी आपल्या फोनवरच्या निळ्या खुणा दाखवून मला सांगितलं. यापेक्षा मोठी शिवी त्यांना कोणी देऊ शकलं नसतं. मी गॅलरीत त्यांच्या उत्तराची वाट पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा ‘गॅस बंद’.

मग एका रविवारी सावंतांनी मला गाठलं. ती चौकट आता पुसून टाकू, तिथे पार्किंगचे नियम लिहू, शेजारी म्हणून तूच जाऊन सांग, म्हणाले. वाईटपणा घ्यायची वेळ आली की मी शेजारी असतो. गेलो.

दार उघडंच होतं. ओट्यावर अर्धवट चिरलेली भेंडी पडलेली. शेगडी थंड. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पाटी आणि पाटीवर मुलांच्या पुरवणीचा कागद. पेन्सिल एका घरावर टेकलेली, आणि ती तिथेच होती. काका पाटावर बसून बघत होते. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच उठून मला गॅलरीत घेऊन आले.

मी चौकटीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“माप हललेलं नाही,” ते म्हणाले. “आधी होतं तेच आहे. तिला गॅस बंद करावा लागला तर गॅस बंद. आज सकाळपासून बंद आहे.”

मग त्यांनी सांगितलं. काकूंना विसर पडतोय, हे वर्षभरापूर्वी लक्षात आलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं आहे, गोळ्या दिल्या आहेत, फार आशा दाखवलेली नाही. आकडे अजून ओळखतात, पण ओळखलेला आकडा ठेवायला जाईपर्यंत हातातून सुटतो. काका आता वाचनालयात जातात ते सोपं सुडोकू शोधायला. तेही कठीणच काम आहे, म्हणाले, कारण रोज कालच्यापेक्षा जरा सोपं लागतं.

ते फळ्यावर ‘सोपं’ लिहिता येणार नाही का, असं मी विचारलं. कोणी हसणार तरी नाही.

“संध्याकाळी मी तिला खाली फिरायला नेतो ना. आधी ढुंकून बघायची नाही, आता फळ्यापाशी थांबते. वाचते. ‘गॅस मोठा’ वाचलं तर विचारेल, मग माका कित्याक येळ लागलो?” काका कठड्यावरून खाली बघत होते. “हसू दे की लोकांना. मी काही खोटं लिहीत नाही.”

इतकी वर्षं मी या माणसाला चक्रम म्हणून लोकांना रंगवून सांगत आलो होतो. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती कशी दाखवतात हे माहीत नसल्यामुळे मी नुसता उभा राहिलो.

आतून हाक आली, “अवो, झाला बघा.”

काका लगबगीने आत गेले. “चहा टाकतो,” म्हणत त्यांनी आधी दूध गॅसवर ठेवलं. लायटर अजून त्यांना नीट जमत नाही. मग काकूंच्या हातातून कागद घेतला, चष्मा वर केला आणि तपासायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. तिसऱ्या रांगेत दोन सात होते. शेजारी शेजारी. झिजलेलं वजन तळहातावर ओळखणाऱ्या माणसाला ते दिसले नसतील, हे शक्य नाही.

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

“तुका सुटला रे?”

“नाही काकू,” मी म्हटलं. “फार कठीण आहे.”

काका अजून त्या दोन सातांकडेच बघत होते. मागे दूध वर आलं, पातेल्याच्या काठावरून फसफसत शेगडीवर सांडलं. वास आला तरी ते जागचे हलले नाहीत. मीच पुढे होऊन गॅस बंद केला.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. आणि कागद घडी न घालता शोकेसमध्ये ठेवला, बोंबलाच्या कागदाशेजारी.

संध्याकाळी दोघं खाली उतरले तेव्हा सावंत हातात ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की माप मी स्वतः वर जाऊन तपासलंय, ते हललेलं नाही, चौकट राहू दे. सावंत कुरकुरले, पण फडकं खाली ठेवलं. काकांनी खिशातून खडू काढून ओळ लिहिली आणि बाजूला झाले. काकू पुढे झाल्या, बोट फिरवत फिरवत एकेक अक्षर लावत त्यांनी ती वाचली : ‘आजचे सुडोकू : दूध उतू.’ मग पदर सावरून त्या म्हणाल्या, “म्हणानच म्हटला, इतको येळ कसो लागलो,” आणि काकांचा हात धरून फिरायला निघाल्या.