ओसरीवर पास झालेली कादंबरी

इंदूबाई वाचत असताना एक जरी बाई पाणी प्यायला उठली, की त्या पुस्तक मिटतात. कायमचं. "ढिलं आहे," एवढाच निकाल, आणि त्यावर अपील नाही.

इंदूबाई म्हणजे आमच्या कोरपन्यातल्या निवृत्त अंगणवाडीताई, माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. दुपारी शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन त्यांच्या ओसरीवर तूर निवडायला बसतात आणि इंदूबाई त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचतात काय, तर लोकांनी स्वखर्चानं छापलेली पुस्तकं. आमच्या भागात त्यांना तोटा नाही. कुणी ना कुणी चंद्रपूरहून पुस्तक छापून आणतो, शाल पांघरून घेतो आणि 'सप्रेम भेट' लिहून घरोघर वाटतो. आपण न उघडताच "छान झालंय" म्हणतो. इंदूबाई उघडतात, हीच पंचाईत.

एका कवीनं गुळगुळीत कागदावरचा, तीन प्रस्तावनांचा संग्रह दिला होता. दुसऱ्या प्रस्तावनेतच दोघी उठल्या. पुढे तो बाजारात भेटला तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, कागद झकास आहे जी. त्याच्यावर काई लिवलं असतं तं बरं झालं असतं."

आणि अशा गावात मी कादंबरी छापली! पहिली प्रत बाईंना दिली आणि रोज दुपारी भिंतीला कान लावून बसू लागलो. दुसऱ्या प्रकरणात माझं लाडकं जंगलाचं वर्णन आलं आणि वाचन थांबलं. कुणीतरी उठलं होतं. मी कान आणखी घट्ट लावला, तर त्या उठलेल्या बाईचाच आवाज आला.

"वाचा ना बाई! पायाले मुंग्या आल्या म्हून उठली. उभ्यानं आयकून राह्यली मी!"

शेवटच्या दुपारी तर दिवेलागण झाली तरी कुणी हललं नाही. कादंबरी संपली, आणि बायकांच्या बोलण्यावरून कळलं, एकीचीही तूर निवडून झाली नव्हती. पास! मी चप्पल न घालताच ओसरीवर पोचलो.

बायका नुकत्याच गेल्या होत्या. बाई एकट्याच सांडलेली तूर वेचत होत्या. "काय आवडलं, बाई?" मी विचारलं. भाषा म्हणतील, नाहीतर शैली, अशी माझी आशा.

"खरं सांगू काय भाऊ? पोरगा-सून तिकडं पुण्याले. पुस्तक बेकार असलं तं बायका लवकर घरी जातात. मंग हे घर मले खायले येते. तुमच्या पुस्तकानं अंधार पडेपर्यंत घर भरून होतं."

मीही खाली बसून तूर वेचू लागलो. शाल-श्रीफळ मिळालं असतं तरी एवढं सुख झालं नसतं.

बाईंनी माझ्या कादंबरीची जाडी चिमटीत धरून पाहिली.

"दुसरं कधी लिवता?" त्या म्हणाल्या. "अन् येवढंसं नोका लिवू. जाड लिवा."